पंख्याखालचं एकमत

किडनी बदललेल्या आम्हा रुग्णांना, घरच्यांसकट, मोठ्या डॉक्टरांनी डहाणूच्या एका हॉलमध्ये बोलावलं. यापुढे संशोधन कशावर करायचं, ते म्हणे आम्ही ठरवायचं! माझ्या घराच्या दारात चिकूची वाडी, पण एक चिकू खायचा की अर्धा, हेसुद्धा आजवर मला कुणी ठरवू दिलं नव्हतं.

भिंतीवर तक्ते लावले होते, प्रत्येकावर एक विषय छापलेला. म्हणजे विषय त्यांनीच ठरवले होते, आमच्या हातात फक्त लाल टिकल्या दिल्या. ज्या तक्त्यावर जास्त टिकल्या, तो विषय महत्त्वाचा. उकडत होतं म्हणून डॉक्टरसाहेब पहिल्या तक्त्याजवळ, पंख्याखाली उभे राहिले. आता साहेब इथे उभे असताना टिकली तिकडे लावायची, म्हणजे त्यांचा अपमानच की! उधव्याहून आलेल्या काकांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी रांगेने पहिल्याच तक्त्यावर टिकल्या लावल्या. वर "बरोबर आहे ना, साहेब?" असंही विचारलं. साहेब खूश. "बघा, रुग्णांचं एकमत झालं!" पंखा दुसऱ्या कोपऱ्यात असता, तर एकमत तिकडे झालं असतं.

मला किडनी देणारी माझी बायको तेवढी बसून होती. ती उठली, साडीवरूनच कमरेच्या टाक्यांच्या जागी टिकली लावली आणि म्हणाली, "साहेब, यांना सारखं तपासायला बोलावता. देणारीचं पुढे काय होतं, ते कोण शोधणार?"

साहेब समजुतीने हसले. "ताई, टिकल्या फक्त तक्त्यावर लावायच्या."