बटण दाबलं तर हलायचं कोणी

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या शेवटी मी सेमिनारला उभा राहिलो आणि बोललोच नाही. खडू हातात होता, फळ्यावर विषय लिहून झाला होता, पहिलं इंग्रजी वाक्यही म्हणून झालं होतं. दुसरं आलं नाही. वर्गात कोणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. सर म्हणाले, "बस. सुटीनंतर पुन्हा दे. तेव्हाही नाही झालं, तर दुसऱ्या वर्षाला बसता येणार नाही."

नागपूरहून घरी आलो तरी हे लगेच सांगता आलं नाही. बाबा जऊळक्याला रेल्वेत गँगमन होते आणि आमची वस्ती स्टेशनाच्या पलीकडेच होती. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे सेमिनार बिघडला हे सांगण्याआधी सेमिनार म्हणजे काय तेच सांगावं लागलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे उभं राहून बोलाचं, येवढंच ना?"

"हो."

"अन् तेच तुले जमलं नाई."

ते रागावले नव्हते. मॅट्रिकनंतर मी वाशीमला टायपिंग शिकलो होतो, ते त्यांच्या लक्षात होतं. "तहसीलात टायपिस्ट पायजे म्हणून एक साहेब इचारून राह्यले," ते म्हणाले. "तुले मशीन येते. तिथं बोला लागत नाई."

मी म्हणालो, "बाबा, सुटीनंतरचा सेमिनार होऊ द्या. नाही झाला तर जातो तहसीलात." शब्द देऊन बसलो खरा, पण तो पाळायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटत होतं. टायपिस्टची नोकरी वाईट नव्हती. मला मात्र जे अर्धं कळलं होतं, ते पूर्ण कळून घ्यायचं होतं.

विषय सरांनी दिला होता. परदेशी मासिकातल्या एका लेखाची फोटोस्टॅट प्रत त्यांनी माझ्या हातात ठेवली होती. स्मॉलटॉक नावाची कॉम्प्युटरची एक भाषा, आणि ती लहान मुलांना कशी शिकवतात, असा तो लेख. त्यात टेलिव्हिजनसारखा पडदा होता, पडद्यावर चौकोन, त्रिकोण अशी चित्रं होती. मुलानं बटण दाबलं की चित्र तिथल्या तिथे हलायचं. हे 'तिथल्या तिथे' माझ्या गळी उतरत नव्हतं. आम्ही कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचो. कार्डांचा गठ्ठा शहरातल्या दुसऱ्या संस्थेत जायचा आणि बऱ्याच दिवसांनी चुकांचा कागद परत यायचा. बटण दाबून चित्र हलवता येईल असा पडदा मी पाहिलेला नव्हता, आमच्या सरांनीही नव्हता. बटण दाबल्यावर ती गोष्ट चित्रापर्यंत कशी पोचते, हे मला समजावून सांगायचं होतं.

लेख मला जवळजवळ पाठ होता. पण तो मी कोणाला एकदाही समजावून सांगितला नव्हता. सुटीत मी ठरवलं, आधी घरच्यांना सांगायचा. त्यांना कळला तर मला कळला.

संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारासमोरचं अंगण थंड झालं की मी धाकट्या बहिणीला आणि चुलतभावाला घेऊन जायचो. बहीण सातवीनंतर शाळा सोडून शेतात मजुरीला जात होती, चुलतभाऊ स्टेशनावर हमाली करत होता. दुकानातून साबणाचं रिकामं खोकं आणून मी त्याचा एक चौकोन आणि एक त्रिकोण कापला. चौकोन भावाच्या छातीशी, त्रिकोण बहिणीच्या. अंगण म्हणजे पडदा, त्याच्या दोन टोकांना दोघं समोरासमोर उभे. मी ओट्यावर मांडीवर फळी घेऊन बसलो. फळीवर कोळशानं अक्षरं लिहिली होती, 'प' म्हणजे पुढे आणि 'व' म्हणजे वळ.

टायपिंगच्या वर्गात आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून अक्षर पुकारायचे आणि सगळ्या मशिनी एकदम तेच अक्षर मारायच्या. बटणांशी माझी ओळख झाली ती अशी. म्हणून मीही फळीवर बोट आपटलं आणि जोरात म्हणालो, "प."

दोघंही चालले आणि मधे येऊन एकमेकांवर आदळले.

"हे माह्या अंगावर काहून येऊन राह्यली बे?" भाऊ म्हणाला.

"मी कायले येऊ? दादानं प म्हटलं त मी चालली."

"मी बी प ऐकूनच चाललो ना."

मी पुन्हा 'प' दाबलं. पुन्हा तेच. मग म्हणालो, "चौकोना, पुढे जा." भाऊ एकटाच गेला. लेखात होतं ते हेच होतं. पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला नाव असतं, नाव घेऊन निरोप दिला की ते चित्र आपलं आपण हलतं. मी खूश झालो. पण बहीण म्हणाली, "तू त आता तोंडानं सांगतलं. बटण कुटं दाबलं?"

तिचं बरोबर होतं. बटण नाव घेत नाही, बटण म्हणजे नुसतं एक अक्षर. मग ते अक्षर कोणत्या चित्रानं आपलं समजायचं? लेखात त्याबद्दलच्या काही ओळी होत्या. त्या मी दर वेळी पुढचं कळेल म्हणून ओलांडून गेलो होतो. वर्गात मी बोललो असतो तरी इथेच अडकलो असतो.

"दोघांले बी लाइन क्लियर देऊन राह्यला तू," बहीण म्हणाली. "आपटतीनच ना."

भावानं इंजिनासारखी शिट्टी घातली आणि दोघंही हसत सुटले. मी हसलो नाही.

आमच्याकडची लाइन एकेरी होती. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला लाइन क्लियरची, म्हणजे पुढे जायच्या परवानगीची, खूण म्हणून स्टेशनातून गोळा घ्यावा लागे. वेताचं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. गाडी न थांबता जायची असली, तर फलाटावरचा माणूस कडं उंच धरायचा आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते खांद्यात अडकवून घ्यायचा. ज्याच्याकडे गोळा त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार, बाकीच्या उभ्या. हे पाहतच आम्ही वाढलो होतो. टायपिंगचा वर्ग मात्र माझ्या डोक्यात त्याच्या वर बसला होता: पुकारलेलं अक्षर सगळ्यांनीच मारायचं.

घरी एका फुटक्या टोपलीचं कडं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आणून मी भावाच्या गळ्यात घातलं. 'प' दाबलं, तो गेला, बहीण उभी राहिली. कडं बहिणीच्या गळ्यात घातलं, 'प' दाबलं, ती गेली. मग 'व' घेतलं. 'व' ऐकून चौकोनानं उजवीकडे तोंड करायचं, त्रिकोणानं जागच्या जागी गोल फिरायचं. अक्षर तेच, पण त्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, मी सांगायचं नाही.

"म्हंजे तू नुसता बटण दाबून बसशीन अन् राबाचं आमी," बहीण म्हणाली. "आतापासूनच साहेब झाला तू."

पडद्यावरचं चित्र खरं तर सरकत नाही, जुनं पुसून नव्या जागी पुन्हा काढतात. तेही करून पाहिलं. दोघांनी जिथे उभे असतील तिथे खाली आपला आकार कोळशानं काढायचा आणि पुढे जाताना तो पायानं पुसायचा. बहीण पुसायला विसरली आणि अंगणात दोन त्रिकोण झाले.

"आता हे कोन?" तिनं विचारलं.

"तुयी जाऊ आली," भाऊ म्हणाला.

ड्युटीवरून येताना बाबा तिथे थांबले. गळ्यात कडं घालून फिरणाऱ्या पोरीकडे आणि ओट्यावर अक्षरं ओरडणाऱ्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं. "येवढे मोठे झाले अन् पोट्ट्यायवानी खेळून राह्यले," एवढंच म्हणून ते घराकडे गेले. रात्री जेवताना तहसीलातल्या साहेबांचा विषय पुन्हा निघाला. मी मान खाली घालून जेवलो. पण दुसऱ्या संध्याकाळी फळी घेऊन पुन्हा गेलो, आणि सुटी संपेपर्यंत जातच राहिलो. कधी भाऊ नसायचा, तेव्हा बहीण फळी घेऊन ओट्यावर बसायची आणि मी चौकोन व्हायचो. फळीवर ती फार कडक होती.

कॉलेज उघडल्यावर सेमिनार झाला. कडं मी पिशवीत घालून नेलं होतं, पण ते बाहेर काढायचा धीर नव्हता. इंग्रजीत सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. दुसरं पुन्हा आलं नाही, अगदी तसंच. मागच्या बाकावरचा खोकला ऐकू आला. तहसीलातली खुर्ची डोळ्यांसमोर आली.

मी पिशवीतून कडं काढलं. या वेळी वर्ग हसला.

"सर, मराठीत सांगू?"

"सांग. पण बरोबर सांग."

मी वर्गातल्या दोघांना पुढे बोलावून समोरासमोर उभं केलं, फळ्यावर 'प' लिहिलं आणि कडं न देताच दोघांना चालायला लावलं. ते आदळले. कोणी विचारण्याआधी मीच म्हणालो, माझी समज इथे चुकली होती. मग कडं एकाच्या गळ्यात घातलं. त्यानंतर मी किती वेळ बोललो ते मला माहीत नाही. थांबलो मात्र नाही.

शेवटी सरांनी विचारलं, "हे कडं कोणाला द्यायचं, ते ठरवतं कोण?"

"बटणं दाबणारा माणूस, सर. लेखात हाताखाली सरकवायची एक डबी आहे. तिनं तो पडद्यावरच्या एका चित्राकडे बोट दाखवतो. कडं त्या चित्राकडे जातं, आधीच्याकडून काढून."

"आणि त्यानं कशाकडेच बोट दाखवलं नाही तर?"

याचं उत्तर लेखात नव्हतं. मी त्या मुलाच्या गळ्यातलं कडं काढून हातात घेतलं.

"मग बटण दाबूनही काही हलू नये, सर," मी म्हणालो. "गोळा नसला तर गाडी उभी राहते. ते बरोबरच आहे."

सर म्हणाले, "बस." मागच्या वेळी हाच शब्द होता, म्हणून मी पिशवी उचलली. तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्या वर्षाच्या यादीत नाव घालतो. आणि पुढच्या आठवड्यात खालच्या वर्गाला हे असंच शिकव. कडं आणायला विसरू नको."

दिवाळीला जऊळक्याला उतरलो तेव्हा बाबा फलाटाच्या टोकाशी होते. माझी पिशवी त्यांनी हातात घेतली.

"झालं ते?"

"झालं, बाबा. आता मलाच खालच्या वर्गाला शिकवायला लावलं."

"उभं राहून?"

"उभं राहूनच."

ते पिशवी तोलून पाहत होते. "टोपलीचं कडं कुटं हाय? तुयी माय इचारून राह्यली होती. बांधून घ्याची होती ते टोपली."

"ते वर्गातच आहे. पोरं रोज मागतात."

बाबा रुळांच्या कडेनं पुढे चालू लागले. वस्ती जवळ आल्यावर मागे न पाहता म्हणाले, "मंग उद्या त्या साहेबाले सांगून येतो, दुसरा पोट्टा पाहा म्हणा."