परात मी ओढली होती

सुलभाताई गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने इस्पितळातून केला आणि एका दमात पुढचंही विचारून टाकलं, “काकू, आता त्या पोरीचं काय करायचं? ओळखीत कुठला आश्रम-बिश्रम आहे का?” दीड महिना झाला, माझा संताप अजून उतरलेला नाही.

सुलभाताई नायगावच्या चाळीतल्या माझ्या शेजारीण, इस्पितळात आया होत्या. त्यांच्या वॉर्डात एक बाई एचआयव्हीने गेली. नवरा आधीच गेलेला. मागे उरली चार वर्षांची मनाली, तिलाही तोच संसर्ग. नातेवाईक ‘उद्या येतो’ म्हणाले... ते आलेच नाहीत. एकट्या ताईंनी बालकल्याण समितीकडे खेटे घातले आणि रीतसर परवानगी काढून तिला घरी आणलं.

चाळीच्या गणपतीचे मोदक आम्ही बायका एकत्र वळायचो. मनाली नऊ वर्षांची असताना ताई तिला घेऊन आल्या. काय सुरेख कळ्या पाडायची पोर! पण एकीने नाक मुरडलं, “तिला नको बसवू गो, नैवेद्याचं आहे.” आणि मी, शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी बाई, उकडीची परात हळूच माझ्याकडे ओढली. एचआयव्ही असा पसरत नाही, हे मी फळ्यावर लिहून दिलेलं होतं!

“तू तरी शिकलेली ना गो?” एवढंच बोलून ताई पोरीला घेऊन उठल्या. त्यानंतर दोघी घरीच मोदक करायच्या आणि ताट उघड्या दारात ठेवायच्या. दुसऱ्या वर्षी मी जाऊन एक उचलला. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरोबर केलं.

शोकसभेत त्याच बायका डोळे पुसत होत्या. ‘देवमाणूस’ काय, ‘माउली’ काय! सोळा वर्षांची मनाली दाराशी उभी. माझं डोकंच फिरलं. “एवढी माउली होती ना? मग तिची पोर कोण ठेवतं, सांगा!” एकेकीला घरची कामं आठवली. मनालीला मी घरी आणलं. समितीचे कागद चालू आहेत. कौतुक नको, सात वर्षं उशीर झालाय.

रात्री आठला ताईंच्या जुन्या फोनचा गजर होतो, मनालीच्या गोळीची वेळ. आता तो माझ्या स्वयंपाकघरात वाजतो. पहिल्या दिवशी वाजला तेव्हा मी पाणी ओतायला मांडणीवरून पेला घेतला. मनालीने माझा हात अडवला.

“मावशी, माझा वेगळा पेला कुठलाय?”

ताईंच्या घरी वेगळा पेला कधीच नव्हता. हे तिला आम्ही शिकवलं.