कडक दाण्याचा मका

फोंडाघाटाहून मालवणला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. पन्नाशीची असेल. चपलांना लाल माती लागली होती. बसल्याबसल्या तिने पिशवीतून मक्याचं कणीस काढलं आणि एकेक दाणा अंगठ्याने दाबून पाहू लागली. कितीतरी दाण्यांना भुंग्याने भोकं पाडली होती.

"बियाण्याचो मको?" मी विचारलं.

"हो. मी मक्याच्या नव्या जाती तयार करते. हा पौष्टिक आहे, मुलांच्या अंगी लागेल. पण दाणा मऊ. भुंग्यालाही चांगलंचुंगलं कळतं." ती हसली नाही. "जुना कडक मका मिळाला तर दोघांचा संकर करता येईल. म्हणून घरोघरी विचारत फिरते."

"आमच्या सासूबाईंचो मको दगडासारखो होतो. धामापूरच्या परसात लावीत."

तिचा अंगठा थांबला. "बियाणं आहे?"

"नाय ओ. त्या गेल्यार कोणी लावूकच नाय."

"सगळीकडे मी थोडी उशिराच पोचते," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

सासूबाईंनी तिला ओंजळभर दाणे सहज दिले असते.

कट्टा गावाला ती उतरली. बस सुटली तेव्हा रस्त्याकडेच्या पहिल्याच घरापुढच्या खळ्यात उभी राहून ती कुणाला तरी हाक मारत होती.