टोमॅटोच्या वाफ्यावरची कवटी

रंगारीमामांनी छावणीत एकतीस वर्षं नोकरी केली, पण बंदुकीला कधी हात लावला नाही. त्यांचं हत्यार म्हणजे कुंचला. कोठ्यांचे नंबर, रस्त्याकडेचे पांढरे दगड, 'आत येऊ नये', 'वाहने हळू चालवा'. छावणीत जे काही वाचता येई, ते मामांच्या हातचं. अक्षर मोत्यासारखं आणि अंगात खोडी ठासून भरलेली.

दारूगोळ्याच्या जुन्या कोठीमागे थोडी जमीन पडून होती. तिथं मामी टोमॅटो लावायच्या. पण टोमॅटोला जरा लाली चढली, की कवायतीहून परतणारे शिपाई खिसे भरून पसार!

"सगळ्या छावणीला पाट्या लावता," मामी एकदा कडाडल्या, "माझ्याच वाफ्याला एक पाटी जड झाली का?"

मामांनी पत्रा घेतला, वर झकास कवटी काढली आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं : 'धोका! जमिनीत न फुटलेला दारूगोळा.' त्यानंतर टोमॅटोकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. साहेब बदलत गेले. पाटी आधीच्या साहेबानं लावली असणार, असं प्रत्येकाला वाटलं.

पुढं मामा निवृत्त झाले आणि छावणीही बंद झाली. तिथं घरं, शाळा, वाचनालय उभं करायचं ठरलं. मोजणीवाले आले, पाटी पाहून चार पावलं मागे सरले आणि नकाशावर तेवढा तुकडा लाल करून गेले. नवा रस्तासुद्धा त्याला वळसा घालून बांधला.

मग छावणीचा इतिहास लिहिणाऱ्या एक बाई वही घेऊन मामांच्या घरी आल्या. "त्या जागेत नेमकं काय होतं हो?"

खरं सांगायचं मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खोडी आडवी आली. "काय सांगू ताई! तिथला माल हाताळायची छाती फक्त आमच्या हिचीच होती."

मामींनी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि वर कळवलं. आठवड्याभरात बॉम्ब निकामी करणारं पथक दाखल झालं!

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "पेन्शन बंद केली तर गं?"

"त्या पोरांना उन्हात माती उकरायला लावून पेन्शन खायची? चला उठा."

दोघं पोहोचले, तेव्हा जाड चिलखती कपड्यांतला जवान यंत्र घेऊन इंचाइंचानं सरकत होता. "थांबा!" मामा ओरडले. त्यासरशी सगळं पथक पालथं पडलं. मामा एकटेच उभे. "पाटी माझी आहे. खाली काही नाही. टोमॅटो होते."

तेवढ्यात यंत्र किंचाळलं. मामांच्या मनात आलं, आपलीच थाप खरी ठरली की काय! जवानानं बोटांनी हळूहळू माती बाजूला केली आणि वर काढलं एक गंजकं खुरपं.

पथकाचा प्रमुख हसून हसून चिलखतात घामाघूम झाला. नव्या वसाहतीचं बांधकाम पाहणाऱ्या इंजिनियरला मात्र हसू आलं नाही. त्यानं मामांना तासभर झाडलं. पण रस्ता बांधून झाला होता, नकाशा मंजूर होता, तो बदलायचा तर पुन्हा वर्षभर खेटे. शेवटी ती जागा नव्या रहिवाशांना भाजीसाठी देऊन टाकली. पेन्शनला काही झालं नाही. इतिहासवाल्या बाई पुन्हा आल्या, आणि या खेपेला त्यांनी मामांना बाहेर बसवून मामींनाच सगळं विचारलं.

खुरपं सापडलं त्या दिवशी मामींचं मात्र या कशातच लक्ष नव्हतं. त्या खुरप्याकडे बघत राहिल्या होत्या. "अहो, हे चोरलं म्हणून मी मागल्या दारच्या वहिनींवर आळ घेतला होता. बावीस वर्षं बोलले नाही त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वहिनींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वहिनींनी खुरपं उलटंपालटं करून पाहिलं.

"सापडलं वाटतं," त्या म्हणाल्या. "या आत. चहा टाकते. पण साखर तुमच्या घरून आणा, माझी कुणीतरी चोरली."