बॉनेटवरचं गाव

शेवटच्या दिवशीही आम्ही पेट्रोल पंपावर चहाच घेतला. साहेबानं कप गाडीच्या टपावर ठेवला आणि बॉनेटवरच्या धुळीत बोटानं आपलं गाव काढलं. रोजचंच. सौदीतल्या दम्माममध्ये धुळीला तोटा नाही.

साहेब आयर्लंडचा, इंजिनिअर. मी त्याचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा, चौथी शिकलेला. अकरा वर्षं त्याला साइटवर नेला-आणला. गाव काढताना आधी पूल, मग साधूंचा बिनछपराचा मठ, त्याच्या बाजूला गोल दगडी बुरूज, कोपऱ्यात कवीचं घर.

“कवी काम काय करायचा?” मी एकदा विचारलं.

“काहीच नाही. म्हणून तर घरावर पाटी लावलीय.”

बुरुजाचा दरवाजा पार वर. लुटारू आले की साधू वर चढायचे नि शिडी ओढून घ्यायचे. मी म्हटलं, “आपल्या ऑफिसातले मोठे साहेबही तेच करतात.” इतका हसला, चहा सांडला.

मग सौदी माणसांना जागा द्यायचा कायदा आला. साहेबाच्या हातात नोकरी संपल्याचा कागद पडला. म्हणाला, “या वेळी शिडी वर गेली, मी खाली राहिलो.”

“तुझं गाव काढ,” हे तो नेहमी सांगायचा. मी म्हणायचो, “आमच्याकडे काही नाही.”

“काही नाही असं गाव नसतं.” हे त्याचं ठरलेलं.

त्या शेवटच्या दिवशी मी काढलं. जेट्टी, मशीद, कबरस्तानची भिंत. त्याला ठाऊक होतं, वर्षापूर्वी माझी बायको गेली. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, ऑफिसात अडकलेला, मी मय्यतीला पोचलो नाही.

“ती कुठे?” त्यानं विचारलं.

माझं बोट भिंतीच्या आत थांबलं. “ठाऊक नाही. कुणाला विचारलंच नाही.”

विचारलं की ती खरीच गेली असं होणार, म्हणून. तुम्ही हसाल.

साहेब हसला नाही. “विचार,” एवढंच म्हणाला. संध्याकाळी त्याला विमानतळावर सोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाली आणि मुलीला फोन लावला. “अम्मीची कबर दरवाजातून कुठल्या हाताला?”

ती म्हणाली, “डाव्या. भिंतीला लागून, काजूखाली. अब्बा, आज विचारताय?”

“आज विचारतोय.”

बाहेर आलो. वाऱ्यानं बुरूज पुसला होता, माझी भिंत थोडी उरलेली. डाव्या हाताला बोट टेकवलं.

मग बादली आणली, गाडी धुतली. सातला नव्या साहेबाला न्यायचं होतं.