समुद्राच्या एक दिवस अलीकडे

सुकलू उसेंडी दोन वाक्यांच्या मध्ये इतका थांबतो, की समोरच्याला वाटतं विषय संपला. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात त्याचं वीस घरांचं गाव आहे. तिथवर एसटी जात नाही. गेली बावीस वर्षं गावाचा बाहेरच्या जगाशी जो काही संबंध आहे, तो सुकलूच्या काळ्या सायकलवरून चालतो. तापाच्या गोळ्या, टॉर्चचे सेल, शाळेतल्या पोरांचे दाखले, लग्नाचे निरोप. एकदा शेजारची गरोदर बाई कॅरिअरवर बसवून त्यानं चौदा किलोमीटर सायकल हातानं ढकलत नेली होती. त्याबद्दल कुणी विचारलं तर तो एवढंच सांगतो, "ट्यूब नवी होती."

आठवडी बाजारात त्याचे दोन मित्र झाले. हेमराज हा आरमोरीकडचा ढिवर. वैनगंगेतली आणि तलावातली मासोळी सायकलवर बाजारोबाजार नेणारा, तोंडाचा फटकळ. धनराजचं बाजाराच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. तो मूळचा सिरोंच्याचा, म्हणून त्याला तेलुगू येतं. एका बाजाराच्या दिवशी पंक्चर काढून होईतो सुकलूनं विचारलं, "आमच्या नाल्याचं पाणी कुठी जाते गा?"

"कठाणीत," हेमराज म्हणाला.

"अन् कठाणी?"

"वैनगंगेत."

"मंग?"

"मंग समुद्रात! अजून कुठी जाईल, तुह्या सासऱ्याच्या घरी?"

"तू पाह्यला काय?"

 जन्मभर त्या पाण्यात जाळं टाकून हेमराजनं ते जातं कुठं हे पाहिलं नव्हतं. धनराजनं सिरोंच्यापर्यंत पाहिलं होतं, पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हाच ठरलं, धान निघालं की नदीच्या कडेकडेनं सायकलनं जायचं, ती समुद्राला मिळते तिथवर. मग हेमराजच्या पोरीचं लग्न फाल्गुनात गेलं, आणि तिघं निघाले तेव्हा मार्च अर्धा झाला होता. मोहाची फुलं गळायला लागली होती.

"मोह पडून राह्यला अन् तू पाणी पाहाले चालला," बायको बुधरी म्हणाली. "घरी पाणी नाई काय?" पण तिनंच तांदळाची पिशवी कॅरिअरला घट्ट बांधून दिली.

आलापल्लीच्या सागवानातून, सिरोंच्याच्या पुलावरून ते पलीकडे तेलुगू मुलखात गेले. नदीनं दोनदा नाव बदललं. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, दुपारी झाडाखाली, रात्री देवळाच्या नाहीतर शाळेच्या ओसरीवर. सायकल चालवताना सुकलू बोलायचा नाही, पण उताराला लागला की गोंडीत काहीतरी गुणगुणायचा. धनराज म्हणायचा, बावीस वर्षांत या माणसाचा असा चेहरा पाहिला नव्हता.

भद्राचलमच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमराया लागल्या. हेमराजनं दगड मारून कैऱ्या पाडल्या, मीठ काढलं. सुकलूनं हात मागे घेतला.

"आमचं पंडुम व्हायचं आहे."

पंडुम म्हणजे नवं खायचा सण. रानातलं नवं फळ आधी देवापुढे ठेवायचं, गायता म्हणजे गावाचा पुजारी ते ठेवतो, मग गाव खातं. आंब्याचं पंडुम एप्रिलच्या शेवटी. त्याआधी कुणी कैरी तोंडात घातली तर त्याची झळ एकट्याला लागत नाही, गावाला लागते. कुणी कुणावर पहारा ठेवत नाही. ज्याची त्याची जीभच राखण करते.

"इथी तुहा गायता पाहून राह्यला काय?" हेमराजनं फोड नाकापुढे नाचवली.

सुकलू हसला. "वास घेतो. वासाची मनाई नाई."

नवव्या दिवशी ते राजमहेंद्रीच्या अलीकडे एका खेड्यात रामाच्या देवळात निजले. समुद्र ऐंशी किलोमीटरवर राहिला होता. सकाळी एक म्हातारी पितळेची घागर घेऊन आली. देवाला दाखवून झाल्यावर तिनं ह्या तिघा परक्या माणसांच्या हातात एकेक पानाचा द्रोण दिला. पातळ, काळपट काहीतरी. त्यांच्याकडचा पाडवा होता तो. सुकलू पहाटेपासून तहानलेला. दिलेलं परत करणं त्याला येत नाही. त्यानं द्रोण एका घोटात रिकामा केला. कडू लागलं, गोड लागलं, तिखट लागलं, आणि अगदी शेवटी दाताखाली काहीतरी करकरलं. जिभेनं ओळखलं, पण तोवर ते घशाखाली गेलं होतं.

"यात काय आहे?" त्यानं धनराजला विचारलं.

"कडुलिंबाचा मोहर, गूळ, चिंच…" धनराज थांबला. "अन् कैरी."

सुकलू देवळाच्या पायरीवर बसला.  मग उठून त्यानं सायकल फिरवली. आले होते त्या रस्त्याकडे तोंड करून.

"काऊन बे?" हेमराज आडवा आला. "पंडुमाले महिना आहे. समुद्र उद्या आहे. पाहून घे, मंग सांग!"

"बुधरी पहाटे मोह वेचाले जाते. मोहाखाली अस्वल येते. गावाले ठाऊक नाई मी काय खाल्लं ते."

"मंग सुनीलले फोन लाव. तुहा पोरगा धानोऱ्याले शिकते ना? तो सांगेल जाऊन."

"असं दुसऱ्याच्या तोंडानं नाई सांगत. गायत्यापुढे उभं राहून सांगावं लागते."

धनराजनं म्हातारीला सगळं समजावलं. ती घाबरली, मग सुकलूजवळ येऊन भरभर बोलली. "म्हणते, तीबी आजच्या आधी नवी कैरी खात नाई," धनराज म्हणाला. "आज देवाले दाखवली, मंगच तुले दिली."

सुकलूनं तिला वाकून हात जोडले. "तिनं तिच्या देवाले दाखवली. माह्या देवाले कोणी दाखवली?"

"मर मंग!" हेमराज ओरडला. "तुह्यापायी निघालो होतो आम्ही. नाल्याचं पाणी, नाल्याचं पाणी! आता त्या पाण्याले काय सांगू?"

 सुकलूनं अर्धा तांदूळ मित्रांच्या पिशवीत ओतला आणि तो निघाला. परतीला नदी त्याच्यासमोरून येत होती. रोज पहाटे, मोह वेचायच्या वेळी, तो दचकून जागा व्हायचा आणि अंधारातच सायकल काढायचा. नऊ दिवसांचा रस्ता त्यानं सहा दिवसांत कापला.

गावात सगळे धडधाकट होते. बुधरी अंगणात मोह वाळत घालत होती. त्याला पाहून ती म्हणाली, "भेटला समुद्र?" त्यानं कारण सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "मले अस्वलानं धरलं असतं तं तू काय तिथून सोडवाले येणार होता?"

गायता कोलू म्हातारा, सुकलूचा चुलत काका. सुकलू त्याच्यापुढे उभा राहिला आणि द्रोणापासून सगळं बोलला. कोलूनं ऐकून घेतलं. एक कोंबडी, आणि यंदा पंडुमात सगळ्यांच्या शेवटी खायचं, असं ठरवलं. मग विडी पेटवून म्हणाला, "समुद्र पाहून आला असता तरी चाललं असतं."

त्या रात्री सुकलू जेवला नाही. आपण चुकलो असं त्याला वाटत नव्हतं. पण एक दिवस, फक्त एक दिवस राहिला होता, आणि तो सोडून ये असं इथे कुणीच म्हटलं नसतं. परत निघालो तेव्हा कोलूचा चेहरा डोळ्यांपुढे होता का? नव्हता. मग कुणाचा होता? बुधरीचा होता, एवढंच त्याला नक्की सांगता आलं.

पंडुमाच्या दिवशी हेमराज आला. महिनाभर बाजारात तो सुकलूशी बोलला नव्हता. सगळं गाव कैरीच्या फोडी खात होतं आणि सुकलू कडेला बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. हेमराज शेजारी टेकला.

"कसा आहे?" सुकलूनं विचारलं.

"मोठा आहे."

"नदी घुसते तिथी आपलं पाणी वेगळं दिसते काय?"

"दिसते. मातकट."

"कुठवर दिसते?"

हेमराजनं मान खाजवली. "तेवढं नाई पाह्यलं गा. भूक लागली होती. धनराज म्हणे चल, आम्ही चाललो."

सुकलू थांबला, नेहमीसारखा, विषय संपला असं वाटण्याइतका. "धान निघालं की मी जातो."

"एकटा? तेलुगू येते काय तुले? रस्ता कोणाले पुसशील?"

"नऊ दिवसांचा ठाऊक आहे. एकाच दिवसाचा पुसायचा आहे."

समोरून पळसाच्या पानावर शेवटच्या फोडी आल्या. सुकलूनं एक उचलली. हेमराज त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग वैतागून म्हणाला, "धनराजले सांगून ठेवतो. धान कधी निघते बे तुमचं?"