थोरल्या जावेचा पत्ता

मुलांनो, काल आपल्या घरी दुसरं इंटरनेट बसवलं, म्हणून हे आजच लिहिते. आष्टीकडच्या ज्या कॉलेजात मी ऑफिस सांभाळायचे, तिथे दोन राऊटर होते. आम्ही त्यांना थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणायचो. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी थोरली बंद पडली.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक मुलगी समोर रडवेली उभी होती. "बाई, दुसरीचा दिवा तर लागलाय. मग अर्ज कावून जाईना?"

क्लार्क म्हणाला, "सगळ्या कॉम्प्युटरात थोरलीचाच पत्ता भरलाय, म्हणून ते तिलाच विचारतेत. धाकटीला कोण पुसतंय?"

दोघींना मिळून एकच पत्ता द्यायला हवा होता, म्हणजे जी चालू असेल तिने उत्तर दिलं असतं. आम्ही एकेका कॉम्प्युटरमधला पत्ता हाताने बदलत राहिलो आणि मुदत संपली. ती मुलगी पुन्हा कॉलेजात आली नाही. धाकटी जाऊ अजून चालू आहे.